मान आणि हातदुखी पुन्हा पुन्हा उलटते तेव्हा: आधी बोटं बघा, मग एमआरआय

तक्रार साधारण अशी असते. सकाळी उठल्यावर मान धरलेली. दोन-चार दिवसांत कळ खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला जाते, तिथून दंडात, मग कोपराखाली उतरते आणि शेवटी एक-दोन बोटांत मुंग्या येतात. गोळ्या घेतल्या, शेक दिला, गळ्यात पट्टा अडकवला, काही दिवसांत बरं वाटलं. आणि दोन-तीन महिन्यांनी परत तेच. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की एमआरआय निघतो, रिपोर्टात तीन पातळ्यांवर 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा, असं लिहून येतं आणि माणूस दुखण्यापेक्षा रिपोर्टालाच जास्त घाबरतो.

माझ्या मते गोंधळ इथेच होतो. कळ किती जोरात आहे यावरून फार काही ठरत नाही. ती कुठपर्यंत उतरते, कोणत्या बोटात जाते आणि हाताची ताकद कमी झाली आहे का, हे आधी बघायचं. फिल्म त्यानंतर.

थांबायचं नाही अशी लक्षणं

डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, आणि चालताना-जिना चढताना हे वाढत असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं. मानेच्या दुखण्यात मान वळवली, वर केली की कळ बदलते. हृदयाच्या दुखण्यात सहसा बदलत नाही. तरीही शंका असेल तर तपासून घ्यावं, घरी प्रयोग करत बसू नये.

दुसरा गट जास्त फसवा आहे: चकती किंवा हाड नसेच्या मुळावर न दाबता थेट मज्जारज्जूवर दाबत असेल तर. यात दुखणं बरेचदा कमी असतं, कधीकधी नसतंच. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागतो, किल्ली कुलपात नीट जात नाही, सही बदलते, दोन्ही हात बधिर वाटतात. चालताना तोल जातो, पाय ताठ किंवा जड वाटतात, पुढे लघवीवरचा ताबा बिघडतो. मान खाली वाकवल्यावर पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखं काहींना होतं. घरी करता येईल अशी एक चाचणी आहे: तळहात खाली ठेवून मूठ पूर्ण मिटायची आणि बोटं पूर्ण उघडायची, शक्य तितक्या वेगाने. 10 सेकंदांत साधारण 20 वेळा जमायला हवं. स्पष्ट कमी पडत असेल, बोटं अर्धवटच उघडत असतील, तर हे 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. लवकर मणक्याच्या सर्जनना दाखवायचं, कारण मज्जारज्जूचं झालेलं नुकसान पुढे पूर्ण भरून येईल याची खात्री नसते.

याशिवाय ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, नुकताच अपघात किंवा पडणं, कुठल्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची कळ आणि हाताची दिवसागणिक घटणारी ताकद. यातलं काहीही असेल तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी नाही, डॉक्टर आहेत.

आत काय बिघडतं

मानेत मणके 7, त्यांच्याशी संबंधित चकत्या 6, आणि नसांच्या जोड्या 8 (सी 1 ते सी 8). सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये चकतीच नसते. प्रत्येक चकतीला बाहेरून चिवट धाग्यांच्या थरांचं कडं आणि आत मऊ गर असतो. चकती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती जागची निसटत वगैरे नाही आणि कुणी दाबून 'बसवू'ही शकत नाही. होतं ते असं: कड्याला चिरा पडतात, ते एका बाजूला फुगतं किंवा फाटून आतला गर बाहेर येतो. मागे बाजूलाच नसेचं मूळ असतं.

आता महत्त्वाचं. नस दुखते ती नुसत्या दाबाने नाही. बाहेर आलेल्या गरामुळे तिथे दाह होतो आणि सुजलेली नस थोड्याशा दाबानेही पेटून उठते. म्हणून छोट्या फुगवट्याने माणूस रात्रभर जागा राहतो आणि दुसऱ्याच्या मानेत मोठा फुगवटा असून त्याला पत्ताही नसतो. दाह ओसरला की कळ जाते, फुगवटा तसाच असला तरी. शिवाय बाहेर पडलेला गर शरीर स्वतःच हळूहळू फस्त करतं. गंमत म्हणजे पूर्ण बाहेर आलेले मोठे तुकडे बरेचदा जास्त आक्रसतात.

वयस्क मंडळींत चित्र वेगळं. चकतीतलं पाणी कमी होऊन ती बसकी होते, कडेला हाडाची टोकं वाढतात आणि नस बाहेर पडायची खिडकी अरुंद होते. इथे गर फस्त होऊन जागा मोकळी होईल असं नसतं, पण दाह ओसरण्याचा नियम इथेही लागू आहे.

'काय उचललं म्हणून झालं असेल?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर इथे 1976 ते 1990 या काळातल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात दर वर्षी लाखामागे साधारण 83 जणांना मानेतली नस दबण्याचा हा त्रास झालेला दिसला, सर्वाधिक 50 ते 54 या वयात. इजा किंवा जड काम हे कारण सांगता आलं जेमतेम 15 टक्क्यांना. बाकीच्यांच्या बाबतीत ठळक असं काही घडलंच नव्हतं. तेव्हा त्या एका दिवसाला, त्या एका पिशवीला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

बोटांवरून पत्ता

सी 8 सोडली तर मानेत नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. त्यामुळे 5 आणि 6 या मणक्यांमधली चकती बिघडली की सी 6 नस दबते आणि 6-7 मधली बिघडली की सी 7. सगळ्यात जास्त वेळा दबते ती सी 7, तिच्या खालोखाल सी 6.

सी 6 चा त्रास दंडाच्या पुढून-बाहेरून उतरून अंगठा आणि तर्जनीत जातो. कोपर वाकवून वजन उचलताना किंवा मनगट वर ताणून धरताना हात कमी पडतो. सी 7 हाताच्या मागच्या बाजूने मधल्या बोटात जाते. सी 8 करंगळी आणि अनामिकेत, आणि तिच्यात पकड ढिली होते, बाटलीचं झाकण फिरत नाही. सी 5 मध्ये बोटांना काहीच होत नाही. खांदा आणि दंडाची बाहेरची बाजू दुखते, हात बाजूला उचलता येत नाही, म्हणून तिच्यावर खांद्याचे उपचार चालू राहतात. अर्थात माणसागणिक थोडा फरक असतोच. कळेपेक्षा मुंग्या आणि बधिरपणा कुठल्या बोटात आहे हे जास्त भरवशाचं.

सी 7 बद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती हमखास निसटते. तिच्यात दंडाच्या मागचा, कोपर सरळ करणारा स्नायू अशक्त होतो. पण रोजच्या जगण्यात कोपर सरळ करायला ताकद लागतच नाही, हात सोडला की तो आपोआप सरळ होतो. त्यामुळे माणूस म्हणतो, 'ताकद ठीक आहे.' आणि मग कधीतरी जड दरवाजा ढकलताना किंवा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना एक कोपर अचानक लचकतं. तपासायचं असेल तर भिंतीपासून हातभर लांब उभं राहून दोन्ही तळहातांनी, मग एकेका हाताने भिंतीवर अंग झोकून परत ढकलून बघा. दोन्ही बाजूंत ठळक फरक आला तर ती नोंद डॉक्टरांना नक्की सांगायची.

आणखी एक खूण: दुखणाऱ्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. अशा स्थितीत नसेवरचा ताण कमी होतो. तपासणीच्या खोलीबाहेर डोक्यावर हात ठेवून बसलेला माणूस दिसला की निम्मं निदान दारातच होतं. खांद्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर हीच हालचाल नकोशी वाटते.

मान मागे करून दुखऱ्या बाजूला झुकवून वरून दाबायची एक चाचणी डॉक्टर करतात. ती कृपा करून घरी कुणाकडून करून घेऊ नका.

मानेतूनच येतंय ना?

वारंवार उलटणाऱ्या दुखण्यात हा प्रश्न परत विचारायलाच हवा, कारण मुळात निदान चुकलं असेल तर मानेचे कितीही व्यायाम केले तरी उपयोग शून्य.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका रात्री बधिर होते, जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं? ही बहुधा मनगटात दबलेली नस, म्हणजे कार्पल टनेल. करंगळीत मुंग्या, कोपर बराच वेळ दुमडून ठेवल्यावर वाढणाऱ्या? कोपराच्या आतल्या बाजूची नस. हात दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही, बाहेर वळत नाही? खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर. यातलं कुठलंही मानेच्या त्रासासोबत असू शकतं, तेव्हा 'एक सापडलं, काम झालं' असं धरून चालू नये.

उलट बाजूची चूकही सर्रास होते. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेचं दुखणं हे मानेच्या चकतीचं अगदी नेहमीचं पहिलं लक्षण. हात दुखायच्या कितीतरी आधी ते सुरू होऊ शकतं आणि तोवर त्या जागेला तेल, मालीश, मलम सगळं चालू असतं. दोष तिथे नसतो, फक्त दुखतं तिथे.

जाता जाता चक्करेबद्दल: गोल फिरणारी चक्कर, विशेषतः अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद येणारी, ही बहुतेकदा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची असते. मानेच्या एक्स-रेत झीज दिसली म्हणून तिचं खापर मानेवर फोडलं जातं.

रिपोर्ट कसा वाचायचा

जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या 1,211 जणांचे एमआरआय काढले गेले, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या 87.6 टक्के लोकांत चकतीचा फुगवटा होता. विशीतल्या तरुणांतही बहुसंख्यांना. म्हणजे नुसता 'बल्ज' हा शब्द फारसं काही सांगत नाही. रिपोर्टात बघायचं ते हे: दबलेली म्हणून दाखवलेली नस तुमच्या बोटांशी जुळते का? बाजू जुळते का? उजव्या मधल्या बोटात मुंग्या आहेत आणि रिपोर्ट डाव्या सी 5 बद्दल बोलतोय, तर तो फुगवटा दुखण्याचा मालक नाही. मज्जारज्जूवर दाब किंवा त्यात बदल दिसल्याचा उल्लेख असेल तर मात्र तो गंभीर, लक्षणं कमी असली तरी.

एमआरआय लागतो तो ताकद कमी झाली असेल, वरची धोक्याची लक्षणं असतील, सहा आठवड्यांत उतार पडत नसेल किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा. एक्स-रेत चकती दिसतच नाही, हाडं आणि त्यांच्यातलं अंतर दिसतं. मान की मनगट असा घोळ असेल तर नसांची विजेवरची चाचणी उपयोगी पडते, पण त्रास सुरू होऊन तीन आठवडे व्हायच्या आत केली तर ती चुकीचा दिलासा देऊ शकते.

पहिल्या काही आठवड्यांत

बहुतेकांना शस्त्रक्रियेशिवाय सहा ते बारा आठवड्यांत चांगला उतार पडतो. तोवर झोप आणि कळ सांभाळणं हेच मुख्य काम. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या दाह कमी करतात, पण पोट, किडनी, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या नसेच्या कळेवरच्या गोळ्यांनी गुंगी येते, गाडी चालवताना जपायचं, आणि त्या एकदम बंदही करायच्या नाहीत.

गळ्यातल्या पट्ट्यावर टोकाची मतं ऐकू येतात. नेदरलँड्समध्ये 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्याने दबलेल्या नसेच्या रुग्णांना पट्टा आणि विश्रांती, किंवा फिजिओथेरपी, दोन्हींचा पहिल्या सहा आठवड्यांत फायदा दिसला. पण तिथे पट्टा ठरावीक काळ वापरून हळूहळू सोडायचा होता. महिनोन् महिने गळ्यात ठेवलेला पट्टा स्नायूंना आळशी करतो.

मान कडकन मोडून घेण्याबद्दल माझं मत ठाम आहे: हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असताना ती कुणाच्याही हातात द्यायची नाही. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं दुर्मीळ आहे, पण झाली तर पक्षाघातापर्यंत जाते.

मग परत का उलटतं?

सगळ्यात मोठं कारण कंटाळवाणं आहे. कळ थांबली की व्यायाम थांबतो. कळ जाते ती दाह ओसरल्याने. मानेचे खोलवरचे स्नायू आणि खांद्याच्या पात्यांचे स्नायू तोवर अशक्तच असतात, त्यांना पूर्ववत व्हायला आणखी काही महिने लागतात. खरं काम बरं वाटायला लागल्यावर सुरू होतं, नेमकं तेव्हाच माणूस पाठ फिरवतो.

दुसरं कारण बसण्याचं, पण लोक समजतात तसं नाही. 'ताठ बसा' या उपदेशाचा मला कंटाळा आलाय. अगदी आदर्श ताठ बसून दोन तास न हललेली मानही धरते. त्रास होतो तो एकाच स्थितीत अडकून राहण्याने. अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाकणारा वाकडा बसलेला माणूस माझ्या मते जास्त सुखी.

तिसरं कारण मान वर करण्याचं, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. मोबाईलमुळे सगळे मान खाली घालण्याला नावं ठेवतात. पण नसेची खिडकी अरुंद होते ती मान मागे गेल्यावर. चष्म्याच्या काचेत वाचायचा नंबर खालच्या भागात असलेला माणूस कॉम्प्युटरसमोर कसा बसतो ते बाजूने बघा: अक्षरं त्या भागात यावीत म्हणून हनुवटी पुढे-वर काढलेली, मान मागे मोडलेली, आणि असा दिवसभर. स्क्रीन खाली घेतला किंवा फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा केला की कित्येकांचं उलटणं कमी होतं. छताला रंग देणारे, वरच्या फळीवरचं सामान लावणारे, पोटावर झोपून मान एका बाजूला पिळून ठेवणारे, सगळे याच रांगेत. उशी इतकीच हवी की कुशीवर झोपल्यावर मान धडाच्या रेषेत राहील. महागड्या उशीत वेगळी जादू नसते.

व्यायामांत सुरुवात हनुवटी सरळ मागे ओढण्याने करता येते. मान न वाकवता, चेहरा समोर ठेवून, पाच सेकंद धरून सोडायचं. मग पाती मागे-खाली ओढणं, आणि कपाळाला-कानशिलाला तळहात लावून मान न हलू देता हलका जोर लावणं. करताना कसोटी एकच: कळ बोटांकडून वर मानेकडे सरकत असेल तर मान थोडी जास्त दुखली तरी चालेल, दिशा बरोबर आहे. कळ किंवा मुंग्या खाली बोटांकडे जात असतील तर तो व्यायाम त्या दिवशी बंद.

सिगारेटचा चकतीच्या झिजेशी संबंध आहे. हे ऐकून कुणी सोडत नाही, तरी सांगतो.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे-महिने आराम देतं. मानेत ते देताना मज्जारज्जूला इजेचा धोका थोडा पण खरा असतो, म्हणून ते अनुभवी हातानेच घ्यावं. मधुमेह असेल तर साखर काही दिवस वाढते.

शस्त्रक्रिया ठरते ती ताकद घटत चालल्यावर, मज्जारज्जू दबल्यावर किंवा दीड-दोन महिने नीट उपचार करूनही हातातली कळ जगू देत नसेल तेव्हा. बहुतेकदा गळ्याच्या पुढून जाऊन चकती काढतात आणि दोन मणके जोडतात किंवा कृत्रिम चकती बसवतात. काही वेळा मागून फक्त नसेची खिडकी मोठी करतात. हातातली कळ यातून लवकर जाते. हात ठीक असून नुसतीच मान दुखत असेल तर या शस्त्रक्रियेकडून फार अपेक्षा ठेवू नये. मणके जोडल्यावर वरच्या-खालच्या चकत्यांवर ताण वाढू शकतो, तेव्हा व्यायामातून सुटका तिथेही नाही.

पुढच्या वेळी उलटेल तेव्हा गोळी शोधायच्या आधी कागदावर लिहा: कोणता हात, कोणतं बोट, भिंत ढकलताना फरक आहे का, 10 सेकंदांत मूठ किती वेळा. मागच्या वेळचंच बोट असेल आणि ताकद शाबूत असेल तर मागच्या वेळी ज्याने उतार पडला तेच परत सुरू करायला हरकत नाही. बोट बदललं असेल किंवा दुसरा हात धरला असेल, तर बहुधा वेगळी नस दबली आहे किंवा दुखणं मानेतलं नाहीच. जुनी फाईल नेली तरी तपासणी नव्याने करून घ्या.